शून्य परिकल्पनेचा त्याग

चौदा सादरीकरणं होती. एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात एम.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपापलं संशोधन मांडायचं आणि मी बाहेरचा म्हणून ऐकायला बसायचं, असं ठरलं होतं. माझी सगळी नोकरी अध्यापक विद्यालयात गेली. शैक्षणिक मानसशास्त्र हाच विषय शिकवला, त्यामुळे अशा ठिकाणी अधूनमधून बोलावणं येतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवणाची सुट्टी. भावनिक बुद्धिमत्ता, अध्ययन सवयी, आत्मसंकल्पना, समायोजन, बहुविध बुद्धिमत्तेवर आधारित पाठ, गणिताची भीती कमी करण्याचा कार्यक्रम, एकाग्रतेसाठी उपक्रम... आणि चौदाच्या चौदा जणांचा कार्यक्रम परिणामकारक निघाला.

'म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करावा लागतो' हे वाक्य त्या दिवशी मी चौदा वेळा ऐकलं. त्याग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिवापाड जपलेली गोष्ट सोडून देणारा माणूस येतो. इथे मात्र ज्याचा त्याग करायचा ती बिचारी पहिल्या प्रकरणात येते तीच मुळी चौथ्या प्रकरणात हाकलली जाण्यासाठी. तिच्यावर कुणाचा एक दिवससुद्धा विश्वास नसतो.

शिक्षणशास्त्राशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. शून्य परिकल्पना म्हणजे 'माझ्या कार्यक्रमाने काही फरक पडणार नाही' असं आधी धरून चालणं. मग मुलांची पूर्वचाचणी घ्यायची, कार्यक्रम राबवायचा, उत्तरचाचणी घ्यायची, दोन्ही माध्यमानांतला, म्हणजे सरासरी गुणांतला, फरक टी-परीक्षिका या संख्याशास्त्रीय कसोटीने तपासायचा. फरक ०.०५ स्तरावर सार्थ आला, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक शंभरात पाचपेक्षा कमी वेळा येईल असं दिसलं, की म्हणायचं, हा योगायोग दिसत नाही. पद्धत चांगली आहे. स्वतःच्या उत्साहाला स्वतःच लगाम घालायची सोय म्हणून ती आली. आपल्याकडे लगाम राहिला आहे, पण ज्याला घालायचा ते घोडं गाडीला बांधलेलंच नाही.

त्या दिवशीचा एक तक्ता सांगतो. आकडे थोडे इकडेतिकडे असतील. इयत्ता सातवीची चाळीस मुलं, पंचवीस गुणांची चाचणी. पूर्वचाचणीचं माध्यमान नऊच्या आसपास, उत्तरचाचणीचं अठराच्या आसपास, प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरले आहेत याचं माप) चार. मधे पंधरा दिवस, रोज एक तासिका. टीचं मूल्य इतकं मोठं आलं होतं की पडद्यावर ते ठळक अक्षरांत लाल केलं होतं. आता हिशेब करा. फरक दोन प्रमाण विचलनांहून जास्त. म्हणजे पहिल्या दिवशी वर्गाच्या बरोबर मध्यावर असलेलं मूल पंधरा तासिकांनंतर आधीच्या जवळपास सगळ्या वर्गाच्या पुढे जाऊन बसलं. असं खरंच घडत असेल तर महाराष्ट्रातल्या शाळांचा प्रश्न येत्या दिवाळीपर्यंत सुटायला हवा.

समितीतल्या एकानेही हा हिशेब काढला नाही. प्रश्न विचारले गेले, नाही असं नाही. 'संदर्भसूचीत प्रकाशनस्थळ आधी की प्रकाशक आधी?' 'कार्यात्मक व्याख्येत "सदर संशोधनात" हे शब्द का नाहीत?' 'पान क्रमांक खाली मध्यभागी घ्या.' एका प्राध्यापकांनी शीर्षकातल्या 'परिणामकारकता' आणि 'परिणामकारकतेचा अभ्यास' यांतला फरक दहा मिनिटं समजावून सांगितला. मीही गप्प बसलो, हे कबूल करायला हवं. बाहेरून आलेला माणूस, मानधनाचं पाकीट टेबलावर ठेवलेलं, समोर कानाशी घामाचे ओघळ आलेला विद्यार्थी. चौदापैकी दोघांना मी काहीतरी विचारलं असेन.

असा मोठा फरक येतो कसा, याची कारणं ज्याला माहीत नाहीत असा एकही एम.एड.चा विद्यार्थी नसेल. अंतर्गत वैधतेला असलेले धोके या मथळ्याखाली ती त्याने परीक्षेत आठ गुणांसाठी लिहिलेली असतात. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण वाढतात. नवा माणूस वर्गात आला, रंगीत तक्ते, खेळ घेऊन आला, की मुलं हुरूप दाखवतात. चाचणी संशोधकाने स्वतः बनवलेली, कार्यक्रमही त्यानेच बनवलेला, शिकवणाराही तोच, तपासणाराही तोच. पूर्वचाचणीत मुलांनी कधी न ऐकलेले शब्द विचारायचे, पंधरा दिवस तेच शब्द शिकवायचे आणि उत्तरचाचणीत तेच विचारायचे. मुलं शिकली हे खरंच, पण 'कार्यक्रम' म्हणून जो काही होता त्याने शिकली की नुसतं शिकवल्याने शिकली, हे त्या तक्त्यातून कधीच कळणार नाही. तुलनेला दुसरा वर्ग लागतो. तो बहुतेकांकडे नव्हता.

'अहो, नियंत्रित गट कुठून आणायचा? मुख्याध्यापक एका तुकडीला उपक्रम द्यायचा आणि दुसरीला नाही याला तयार होत नाहीत. पालक विचारतात.' हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. पण याच राज्यात, मुंबईच्या महापालिका शाळांत, या अडचणीतून वाट काढलेली आहे. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत सुरू झाली. तिचा 'बालसखी' नावाचा कार्यक्रम होता. वस्तीतलीच शिकलेली एक तरुणी वर्गातल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज साधारण दोन तास बाजूला घेऊन वाचन-गणिताचा पाया पक्का करून घ्यायची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास झाला. तो केला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. या दोघांना नोबेल पुढे २०१९ला मिळालं, तेव्हा ही नावं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून आली. त्यांनी केलं काय, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काही शाळांत बालसखी एका इयत्तेला दिली आणि बाकीच्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. पुढच्या वर्षी अदलाबदल. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, आणि तरीही प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी दुसरी मुलं मिळाली. यात पैसा नाही, यंत्र नाही. दोन तुकड्या असलेल्या कोणत्याही शाळेत एम.एड.चा विद्यार्थी हे करू शकतो. 'तुमच्या अ तुकडीला आत्ता, ब तुकडीला दिवाळीनंतर' असं सांगितल्यावर नाही म्हणणारा मुख्याध्यापक मला तरी माहीत नाही.

आणि त्या अभ्यासाचा निकाल काय होता? पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ने. कार्यक्रम संपून एक वर्ष झाल्यावर पाहिलं तर वाढ उतरून ०.१०च्या आसपास आलेली. पंधरा हजारांहून जास्त मुलं, वर्षभर रोज दोन तास, आणि हाती एवढंच. पण हे 'एवढंच' खरं आहे म्हणून जगभर त्याला किंमत आली आणि त्याच्यावर पुढचं काम उभं राहिलं. आमच्या सभागृहात मात्र पंधरा तासिकांत दोन प्रमाण विचलनं मिळतात आणि ती फाईल बांधून, सोनेरी अक्षरं छापून, ग्रंथालयाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती बाहेर काढतो ते 'संबंधित साहित्याचा आढावा' या प्रकरणापुरती, आणि शीर्षकात सहावीच्या जागी सातवी घालायला.

शैक्षणिक मानसशास्त्रातलं दुसरं उदाहरण घ्या. बुद्धी जन्मजात ठरलेली नसते, प्रयत्नाने वाढते, असं मुलांना पटवून दिलं की ती अधिक चिकाटीने शिकतात, हा विचार आपल्या विभागांत फार आवडीचा आहे. अमेरिकेत त्यावर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास साधारण बारा हजार नववीतल्या मुलांवर होता. काय तपासणार ते आधीच लिहून जाहीर केलेलं, माहिती गोळा करायला स्वतंत्र संस्था. फरक पडला, पण तो गुणांनी मागे असलेल्या मुलांत, आणि चारच्या आसपास कमाल असलेल्या श्रेणीगुणांत ०.१ एवढा. तासाभरापेक्षा कमी वेळाच्या उपक्रमासाठी हे वाईट नाही, असं लेखकांचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं आहे. आमच्याकडे हाच विषय घेणाऱ्याने ०.१ असा फरक पडद्यावर दाखवला तर? तो दाखवणारच नाही. त्याआधी त्याचे मार्गदर्शक त्याला परत पाठवतील.

परत पाठवलेली एक विद्यार्थिनी मला माहीत आहे. कोणत्या विभागातली, ते सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, रजा काढून एम.एड.ला आलेली. तिचा विषय होता मुलांनी स्वतःच्या अभ्यासावर स्वतः नजर ठेवण्याचा. रोज घरी जाऊन वहीत एकच गोष्ट लिहायची: 'आज मला काय समजलं नाही.' दुसऱ्या दिवशी त्यावर वर्गात बोलायचं. कल्पना साधी आणि चांगली. मुलाला आपल्याला काय येत नाही हे ओळखता येणं, हे येण्याच्या वाटेवरचं मोठं पाऊल आहे. सहावीचा वर्ग, पटावर चौतीस मुलं. सप्टेंबरात सुरुवात केली. दिवाळी झाली आणि तेरा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली.

तिने काय करावं? बहुतेकांनी डिसेंबरात उरलेल्यांची उत्तरचाचणी घेऊन विषय मिटवला असता. ही बाई एप्रिलपर्यंत थांबली. मुलं परत आल्यावर चौतीसही जणांची चाचणी घेतली. तिचं म्हणणं असं की मला या वर्गाला काय फायदा होतो ते बघायचं होतं, अर्ध्या वर्गाला नाही. फरक सार्थ आला नाही. तक्ता घेऊन ती मार्गदर्शकांकडे गेली.

'काहीतरी चुकलंय तुमचं. पुन्हा मोजा.'

'सर, तीनदा मोजलं.'

'मग उपस्थिती बघा. पूर्णवेळ हजर होती तेवढीच घ्या. एकवीस ना? पुरेत. बाकीची गळाली म्हणून लिहा.'

एकवीस घेतल्यावर फरक आला, चांगला आला. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला. तेरा मुलांचं काय झालं, तर मर्यादांच्या पानावर एक ओळ: 'सदर संशोधन नियमित उपस्थित विद्यार्थ्यांपुरते मर्यादित आहे.' सादरीकरणाच्या दिवशी त्या ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही.

हे सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्याकडे त्या वर्षी आठ विद्यार्थी होते, स्वतःचे तास होते, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं होती. २०१५पासून एम.एड. दोन वर्षांचं झालं खरं, पण त्यात शाळेतला कार्यानुभव, तोंडी, लेखी, असाइनमेंट सगळं कोंबलेलं. 'फरक पडला नाही' असा प्रबंध बाहेरच्या परीक्षकाने परत केला तर पोरीचं वर्ष जाईल, ही भीती त्यांना खरोखर होती. पीएच.डी.त तर आणखी वरच्या पायरीवर हेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांत प्रबंध द्यायच्या आधी एक शोधनिबंध छापलेला आणि परिषदांत दोन सादरीकरणं असणं सक्तीचं होतं. त्या सक्तीने आपल्याकडे काय उगवलं, ते सगळ्यांना माहीत आहे: फी भरा, प्रमाणपत्र घ्या, दुपारच्या जेवणानंतर पाच मिनिटांत 'पेपर वाचा', समोर फक्त पुढचे वाचणारे बसलेले. २०२२च्या नियमांत छापण्याची सक्ती काढली. बरं झालं. दर सत्रात सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची तरतूद मात्र आहे, आणि प्रबंध सादर करण्याआधीचं सादरीकरण विभागातल्या सगळ्यांसाठी खुलं असतं. कागदावर ही फार चांगली सोय आहे.

'एम.एड. म्हणजे संशोधन नव्हे, संशोधनाचं प्रशिक्षण. त्यांच्याकडून नव्या ज्ञानाची अपेक्षा कशाला?' हा आक्षेप माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा, आणि मी त्याचा आदर करतो. मान्य. पण मग प्रशिक्षण कशाचं झालं? पोहायला शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी बुडता बुडता वाचलं तरी चालेल, काठावर बसून ओले कपडे दाखवायला शिकला तर ते पोहणं नाही. त्या शिक्षिकेला दोन वर्षांत जे शिकवलं गेलं त्यात सगळ्यात पक्कं बसलं ते हे, की आकडे हवे तसे येईपर्यंत मुलं वगळता येतात. ती परत शाळेत गेली आहे. उद्या केंद्रप्रमुख होईल, विस्तार अधिकारी होईल, अध्ययनस्तर निश्चितीचे तक्ते तिच्या सहीने वर जातील.

ही खोड फक्त आपली आहे असंही नाही, आणि हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. फरक न सापडलेले अभ्यास खणात पडून राहतात आणि सापडलेले छापून येतात, हे रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९मध्येच मांडलं होतं. २०१५मध्ये मोठमोठ्या नियतकालिकांतले मानसशास्त्राचे शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ फरक होता, पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत आला. मानसशास्त्राची भर चौकात नाचक्की झाली. पण त्यांनी ती लपवली नाही, आणि वाटही काढली. २०१३पासूनच 'कॉर्टेक्स' नावाच्या नियतकालिकाने एक पद्धत सुरू केली होती: निकाल यायच्या आधी फक्त प्रश्न आणि आराखडा तपासायचा. आराखडा चांगला असेल तर निबंध स्वीकारायचा, निकाल काहीही येवो. पुढे शेकडो नियतकालिकांनी ती उचलली.

आपल्या विभागांत हे आणायला कुठल्या आयोगाची परवानगी लागत नाही. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आधीचा आराखडा, आपण घेतोच. पण सिनॉप्सिसची बैठक वीस मिनिटांची आणि शीर्षक दुरुस्त करण्याची. शेवटच्या सादरीकरणाला सभागृह, हार, फोटो, पाहुणे. मला वाटतं, हे उलटं करावं. सभागृह आराखड्याच्या दिवशी भरवावं. तिथे दोन-तीन शाळांतले शिक्षक बसवावेत, एखादी अंगणवाडी सेविका, संख्याशास्त्र विभागातलं कुणी. त्यांनी विचारावं: दिवाळीनंतर तुमच्या वर्गात किती मुलं उरणार? ही चाचणी कुणी बनवली? फरक किती पडेल असं तुम्हाला वाटतं, आकडा सांगा आत्ताच. आराखडा पास झाला की गुण निम्मे तिथेच द्यावेत, लेखी. म्हणजे एप्रिलमध्ये 'फरक पडला नाही' असं म्हणणाऱ्याचं वर्ष जाणार नाही, आणि सरांच्या पोटात गोळाही येणार नाही.

चाचण्यांबद्दल एवढ्यासाठी म्हणतो, की त्या दिवशीच्या चौदापैकी बऱ्याच जणांनी आग्र्याहून मागवलेल्या तयार छापील मानसशास्त्रीय प्रश्नावल्या रात्रीत मराठी करून वापरल्या होत्या. या क्षेत्रातल्या माणसाला 'आग्र्याहून' म्हटलं की पुरतं. एका प्रश्नावलीतलं विधान मी उतरवून घेतलं: 'मला गणिताच्या तासाला अस्वस्थ वाटत नाही.' पर्याय पाच, पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. आता ज्या मुलीला अस्वस्थ वाटतं, तिने 'वाटत नाही' याच्याशी 'असहमत' व्हायचं. सहावीतली मुलगी. मी स्वतः दोनदा वाचलं. आणि ती घरी पावरी किंवा कोरकू अशी आदिवासी भाषा बोलणारी असेल तर? अशा उत्तरांची बेरीज करून दोन दशांश स्थळांपर्यंत माध्यमान काढायचं आणि त्याला चिंतेचा स्तर म्हणायचं.

आपल्याच मातीत याहून वेगळं काम झालेलं आहे, म्हणून जास्त लागतं. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिनेची बुद्धिमापन कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली. नागपूरला फादर मालिन यांनी १९६९मध्ये वेक्स्लरची कसोटी भारतीय मुलांसाठी तयार केली. दोन्हींमागे मुलांमध्ये बसून काढलेली वर्षं आहेत. आजही मतिमंदत्वाचं किंवा अध्ययन अक्षमतेचं निदान करताना कित्येक ठिकाणी याच कसोट्या पुढे येतात. त्यांचे मानदंड, म्हणजे कोणत्या वयाच्या मुलाला साधारण किती गुण पडतात याचे तक्ते, जुने झाले, हे सगळे म्हणतात. दरवर्षी शेकडो प्रबंध होणाऱ्या राज्यात दहा विभागांनी मिळून एका कसोटीचे पाच जिल्ह्यांतले मानदंड नव्याने काढले असते, तर एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला चाळीस-पन्नास मुलं आली असती. त्यात 'परिणामकारकता' नाही, त्यामुळे त्यागही नाही, आणि शीर्षकात नावीन्य नाही म्हणून सिनॉप्सिस परत येतं.

हे विभागाच्या चार भिंतींत राहिलं असतं तर मी लेख लिहायला बसलो नसतो. २०१९चा जून आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' आलं आणि महाराष्ट्रात गहजब झाला. विधिमंडळात विनोद झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर ऊत आला. मराठी भाषा मारली इथपासून जोडाक्षरांचा बागुलबुवा इथपर्यंत. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना दशक-एकक कळावं म्हणून जोडीला दुसरी वाट दिली आहे.

हा प्रश्न शंभर टक्के शैक्षणिक मानसशास्त्राचा होता. मराठीत संख्या ऐकताना एकक आधी येतो, लिहिताना दशक आधी. 'त्रेसष्ट' ऐकलं की 'त्रे' पहिला कानावर पडतो आणि दुसरीतलं मूल ३६ लिहून मोकळं होतं. ज्याने दुसरीला शिकवलं आहे त्याने हे पाहिलेलं आहे. शिवाय एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करायचं, त्यात एकोणतीस, एकोणचाळीसचा उलटा हिशेब. चिनी भाषेत संख्यांची नावं सरळ आहेत, दहा-एक, दहा-दोन. १९९५मध्ये चिनी आणि अमेरिकन बालकांच्या मोजणीची तुलना झाली तेव्हा दहापर्यंत दोघं बरोबर होती, फरक पडायला लागला तो अकराच्या पुढे, जिथे इंग्रजी नावं वाकडी होतात. मग मराठी मुलांचं काय होतं? साठ-तीन म्हणणारी मुलं अंकलेखनात कमी चुकतात का? की दोन-दोन नावांनी जास्त गोंधळतात? दोन्ही शक्य आहे. मला उत्तर आधीच माहीत असल्याचा आव मी आणत नाही.

पण हा प्रश्न सोडवायला काय लागतं? दुसरीच्या दोन तुकड्या, शंभर संख्यांचं श्रुतलेखन, चुकांची वर्गवारी आणि चार महिने. एका एम.एड.च्या विद्यार्थ्याचं काम. दहा जिल्ह्यांत दहा जणांनी केलं तर राज्याला उत्तर. त्या गदारोळात कुणी एक प्रबंध पुढे करून 'हे बघा, आमच्या विभागात हे तपासलं होतं' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. वाद झाला तो भाषाप्रेमाचा, परंपरेचा, कुणाच्या नावाचा काय उच्चार होईल याचा. कधी तरी आमदारांनी म्हणायला हवं होतं, विद्यापीठांना विचारा. त्यांना तसं सुचलंच नाही. शिक्षणशास्त्र विभागांकडून कसली माहिती मिळू शकते, ही अपेक्षाच समाजात उरलेली नाही. दरवर्षी चौदापैकी चौदा परिणामकारक सांगणाऱ्याला कोण कशाला विचारील? ज्योतिषालाही इतकं यश येत नाही.

त्या बीडच्या शिक्षिकेची आणि माझी पुढे भेट झाली. प्रबंध झाला होता, निकालात वर्गही मिळाला होता. मी तिला म्हटलं, 'ताई, त्या तेरा मुलांचं काहीच ठेवलं नाही का?' तिने पिशवीतून एक वही काढली. कव्हर गेलेली, कडा उसाच्या चिकट रसाने काळ्या पडलेल्या. वर्गातली एक मुलगी ती आईबापांबरोबर कारखान्यावर घेऊन गेली होती आणि एप्रिलमध्ये घेऊन परत आली होती. शाळेबाहेर पडताना कुणी तिला सांगितलं नव्हतं की आता लिहू नको.

पहिले बारा दिवस एकच ओळ आहे: 'आज शाळा नव्हती.' तेराव्या दिवशी तिने लिहिलंय:

'आज मला काय समजलं नाही. आईने २२ पेंढ्या उसाचं वाढं विकलं. तो माणूस शेकड्याचा भाव सांगत होता. एका पेंढीचे किती ते मला काढता आलं नाही. त्याने दिले तेवढे घेतले.'

पुढे साठेक नोंदी आहेत, कोपीत, ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, बसून पेन्सिलीने लिहिलेल्या. पूर्वचाचणीत तिला पंचवीसपैकी अकरा गुण होते, उत्तरचाचणीतही अकराच. प्रबंधात ती नाही.